भूमीने दिलेली साक्ष

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव परिसर १८६९ पूर्वी खानदेशात मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मुलखातील वाटांवरून सावकारी खजिने जात आणि त्यांवर ठगांची नजर असे. शेजारच्या धुळे-मालेगाव भागातील हत्याकांडाची नोंद विल्यम स्लीमन यांच्या दप्तरात आहे. माणसे घरून निघत, मुक्कामी पोहोचत नसत. प्रेतही सापडत नसे.

१७८८ मध्ये कॉर्नवॉल परगण्यात जन्मलेले स्लीमन १८२२ ते १८२४ या काळात नरसिंगपूरचे दंडाधिकारी होते. जिल्ह्यातील प्रत्येक गुन्हा आपल्याला कळतो, असा त्यांचा समज होता. पुढे उमगले, की कचेरीजवळच्या कंदेली गावातच ठगांचे बिऱ्हाड होते आणि अवघ्या एका मजलेवरील मुंडेसरची आमराई प्रेतांनी भरली होती.

१८३० च्या अखेरीस पकडलेला फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. सागरजवळच्या सलोहदा येथील आमराईत त्याने तंबूभोवतालची जमीन दाखवली. खणताच एक पंडित व त्याचे सहा सेवक यांचे अवशेष निघाले. आणखी एक खड्डा तर स्लीमन यांची पत्नी निजली होती त्या तंबूखालीच होता!

जागा योगायोगाने निवडलेली नसे. प्रवासी जिथे आपणहून विसावतात तीच सावली, खणायला मऊ माती, टोळीच्या नेहमीच्या वाटेवरचे ठिकाण. प्रेत फुगून माती भेगाळू नये म्हणून ते चिरले जाई. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर ईसबगोल पसरत आणि त्याच जागी चूल पेटवत. ठगांच्या बोलीत अशा जागेला ‘बेल’ म्हणत. एकट्या अवधच्या नकाशावर अशा २७४ जागा नोंदल्या गेल्या. सरासरी दर साडेपाच मैलांना एक.

गुन्हेगार पुरावा अनोळखी रानात नव्हे, तर अंगवळणी पडलेल्या वाटेलगत दडवतो, कमीत कमी श्रमांत आणि आडोशाला, असे आजचे गुन्हेशास्त्र मानते. किम रॉस्मो यांनी १९९० च्या दशकात त्याला गणिताची जोड दिली. स्लीमन यांनी तेच काम कबुलीजबाब, वंशावळी आणि नकाशे यांच्या आधारे केले.

त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. १८३६ च्या कायद्याने टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. जीव वाचवणाऱ्या साक्षीदाराच्या शब्दावर कित्येक निरपराधही भरडले गेले असतील. मात्र मातीतून निघालेली हाडे कोणाच्या जबानीवर अवलंबून नव्हती.

पुढे लखनौचे रेसिडेंट असताना स्लीमन यांनी अवध खालसा करण्यास विरोध केला. तो मानला गेला नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, मायदेशी परतताना, सिंहलद्वीपाजवळ जहाजावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह समुद्रार्पण करण्यात आला.