तुरुंगांतील मुलांचा कैवारी : संत डॉन बॉस्को

आजच्या इटली देशाच्या उत्तरेस, पीदमाँत प्रांतांतील बेकी नामक लहानशा वाडीवर, १६ ऑगस्ट १८१५ रोजीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं योहान बॉस्को यांचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच पितृछत्र हरपलें. माता मार्गारीटा हिनें शेती सांभाळून मुलांस देवाच्या भयांत वाढविलें. शिक्षणास सावत्र भावाचा विरोध असल्यामुळें योहानास कांहीं काळ परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबावें लागलें. निराधार मुलाचें दुःख त्यांनीं असें लहानपणींच अनुभविलें होतें.

५ जून १८४१ रोजीं तुरीन शहरीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे मार्गदर्शक फादर योसेफ काफासो हे फांशीच्या कैद्यांस वधस्तंभापर्यंत सोबत करणारे दयाळू धर्मगुरु होते; त्यांसहि पुढें १९४७ सालीं संतपद लाभलें. ह्या गुरूनेंच तरुण डॉन बॉस्को यांस तुरीनचे तुरुंग दाखविले. तेथें बारा ते अठरा वर्षांचीं, अंगानें धडधाकट व बुद्धीनें तल्लख अशीं मुलें रिकामपणीं कुजत पडलेलीं पाहून त्यांचें अंतःकरण हेलावलें. त्याहून एक गोष्ट त्यांच्या मनास अधिक लागली. सुटून गेलेलीं कित्येक मुलें थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच कोठडींत परत येत. बाहेर त्यांची वाट पाहणारें कोणी नव्हतें; हेंच त्याचें कारण होय, असें त्यांनीं ताडलें. तुरुंगाच्या दाराबाहेर एखादा मित्र उभा असता, तर त्यांतील बहुतेक परतले नसते, अशी त्यांची खात्री झाली.

त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, निष्कलंक मरियेच्या सणादिवशीं, मिस्सेला सेवा करतां येत नाहीं म्हणून एका पोरक्या मुलास मंदिराच्या सेवकानें मारून हांकलून दिलें. डॉन बॉस्को यांनीं त्यास परत बोलावून आपला मित्र म्हटलें व धर्मोपदेशाचा पहिला पाठ दिला. एका मुलापासून सुरू झालेला हा मेळावा वाढत गेला. गलबल्यास कंटाळून लोक त्यांस एका जागेहून दुसरीकडे घालवीत. नगराच्या अधिकाऱ्यांसहि इतक्या उनाड पोरांचा जमाव संशयास्पद वाटे. अखेर १८४६ सालच्या पुनरुत्थानाच्या सणीं वाल्दोक्को येथील एक पडवी त्यांस मिळाली. त्याच वर्षीं वृद्ध मार्गारीटाबाई गांव सोडून ह्या मुलांची आई होण्यास आल्या. पुढें तेथें निवासगृह झालें, व चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई यांचे कारखाने निघाले. मुलगा कोणा कारागिराकडे ठेवल्यास डॉन बॉस्को लेखी करार करीत. १८५२ सालच्या अशा एका करारांत धन्यानें मुलास माराने नव्हे, तर शब्दानें सुधारावें व रविवारीं मोकळीक द्यावी, असें ठरविलेलें आहे.

तुरीनजवळ जेनेराला नामक बालगुन्हेगारांचें बंदिगृह होतें. १८५५ सालीं तेथील सुमारें तीनशें मुलांस पहाऱ्यावांचून दिवसभर सहलीस नेण्याची परवानगी डॉन बॉस्को यांनीं मिळविली, आणि सायंकाळीं एकहि मुलगा कमी न होतां सर्व परत आले, असें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे. १८५९ सालीं त्यांनीं सालेसियन संघ स्थापिला, व १८७७ सालीं आपली पद्धति थोडक्यांत लिहून काढिली. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. अपराध घडल्यावर दंड करण्यापेक्षां तो घडूंच नये म्हणून मुलाच्या सहवासांत राहावें, हें तिचें सार. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले. १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणीं, अकरावे पायस ह्या पोपमहाराजांनीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें. त्यांचे सालेसियन १९०६ सालीं तंजावरास व १९२८ सालीं मुंबईस आले.

वाचकहो, हा प्रश्न आपल्याहि दाराशीं आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें सात वर्षांखालील बालकाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा ठरत नाहीं. सात ते बारा वर्षांच्या बालकास कृत्याचा परिणाम समजण्याइतकी पक्वता होती कीं नाहीं, हें पाहिलें जातें. मात्र २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यानें, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें घोर अपराध केल्यास, प्राथमिक परीक्षणानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची वाट मोकळी केली. तरी त्यासहि देहान्त शिक्षा किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप देतां येत नाहीं.

ज्या घरावर असा घाला पडला, त्या घराच्या अश्रूंस स्वस्त लेखणें हें पापच होय. डॉन बॉस्को यांनीं अपराधास कधीं खेळ म्हटलें नाहीं. त्यांचा मुलगा पापकबुलीस गुडघे टेकी, पश्चात्ताप करी, व झालेलें नुकसान भरून काढण्यास शिके. पण कबुली घेणारा धर्मगुरु पाप्यास जसा दाराबाहेर लोटीत नाहीं, तसें समाजानें बालकास लोटूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें. न्यायाधीश आपलें काम करील. परंतु शिक्षा भोगून परतलेल्या मुलास काम कोण देईल, त्याच्या शेजारीं बाकावर कोण बसेल, हें न्यायालय ठरवूं शकत नाहीं. तें आपणच ठरवितों. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबानें अशा एका मुलाची वाट पाहण्याचा निश्चय करावा, आणि संत डॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीनें त्यास प्रभूनें बळ द्यावें.