दगडातलं ॲझोला शोधणारे बिरबल साहनी

गोठ्यामागच्या हौदात जनावरांसाठी ॲझोला वाढवणारे शेतकरी आता बरेच आहेत. याच ॲझोलाचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा भाऊबंद दगडात सापडला, तोही नागपूरपासून जवळच, मध्य प्रदेशातल्या सौसर भागात. त्याची ओळख पटवली डॉ. बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राव यांनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, भेरा गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोर, केंब्रिजला शिकून १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आपला काळा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा. एक थर थंड झाला की दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जायचा. तेवढ्यात तळी साचायची, झाडं उगवायची, अन् पुढच्या लाव्ह्याखाली सगळं गाडलं जायचं. त्या मधल्या थरांतले दगड कापायचे, काप घासून पातळ करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, असं हे चिकाटीचं काम. त्यातल्या झाडांवरून दख्खनचा लाव्हा समजतात त्यापेक्षा अलीकडचा आहे, असं साहनींनी मांडलं. यावर भूशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पुढे मोजणीत वय निघालं सुमारे ६.६ कोटी वर्षं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अगदी बांधावर!

जीवाश्मांसाठी स्वतंत्र संस्था हवी म्हणून साहनींनी आपला संग्रह, पुस्तकं दिली. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. त्या शिलेतही जीवाश्म जडवलेले आहेत. आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी गेले. इमारत उभी राहायचीच होती. पत्नी सावित्रीबाईंनी संस्थेची धुरा घेतली आणि ती उभी केली.