रँग्लर परांजपे : बुद्धिवाद आणि शिस्त

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६-१९६६) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी येथे झाला. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सिनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय होत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करून ते फर्ग्युसन महाविद्यालयात आले व १९०२ मध्ये प्राचार्य झाले. आगरकरांच्या बुद्धिवादाची परंपरा त्यांनी पुढे चालविली.

या बुद्धिवादाची कसोटी १९०५ मध्ये लागली. वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास परांजप्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. 'केसरी'ने या शिक्षेवर कठोर टीका केली.

ही शिक्षा व्यक्तिद्वेषातून झाली असे मानणे एकांगी ठरेल. परांजपे नेमस्त होते; सनदशीर मार्गावर त्यांची श्रद्धा होती आणि सरकारी अनुदानावर चालणारी संस्था त्यांना सांभाळावयाची होती. तथापि धर्म व रूढी यांविरुद्ध बंडखोरीचा पुरस्कार करणाऱ्या प्राचार्याने राजकीय बंडखोरीला शिस्तभंग ठरवावे, ही विसंगती उरतेच. त्यांच्या बुद्धिवादाची मर्यादा तीच होय. पुढे सावरकरांनीही पोथीनिष्ठेवर बुद्धिवादी प्रहार केले, हे येथे लक्षणीय आहे.

परांजपे १९५६ ते १९५९ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच विद्यापीठाने १९५९ मध्ये सावरकरांना सन्माननीय डी. लिट्. दिली. दंडित विद्यार्थ्याला विद्येच्या क्षेत्राने मान्यता दिली. प्राचार्याच्या निर्णयाचा वाद मात्र मिटला नाही.