पक्षिमित्र डॉ. सालिम अली

हिवाळ्यात काशीच्या घाटांसमोर गंगेच्या पात्रावर पांढऱ्या कुरवांचे थवे उतरतात. नावेतील भाविक त्यांना शेव टाकतात. फाल्गुनाचे ऊन तापू लागले की थवे विरळ होतात आणि पाहता पाहता घाट रिकामे होतात. हे पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, अशा प्रश्नांचा शास्त्रीय पद्धतीने माग काढण्याची वाट भारतात ज्यांनी रुंद केली, ते डॉ. सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. दहा वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी तो बिचकतच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी तिची ओळख तर पटवलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. मुलाच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली.

वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणिसर्वेक्षण खात्याचे दार बंद राहिले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पण बर्लिन येथे प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिक्षण घेऊन १९३० साली परतले, तेव्हा ते पदच रद्द झाले होते. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम या गावी राहू लागले. तेथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत त्यांनी महिनोन्‌महिने न्याहाळली. नर अर्धवट घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी टिपले. नोकरी असती, तर हा मोसम कदाचित त्यांच्या हाती लागला नसता!

पुढे त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. मानधन नको, केवळ खर्च द्यावा, एवढीच त्यांची अट असे. या खडतर प्रवासात तेहमिनाबाई सोबत असत. १९३९ साली त्यांचे निधन झाले. त्या आघातातून सावरत सालिम अलींनी काम चालूच ठेवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकही पक्षी ओळखू लागला. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

स्थलांतराचे कोडे उलगडण्यासाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली भरतपूर व अन्यत्र हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवण्यात आली. त्यांतील काही बदके थेट सायबेरियात आढळली. भरतपूरची पाणथळ भूमी राखली जावी, यासाठीही ते झटले.

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी बालपणीच्या त्या चिमणीलाच स्थान दिले. १९८७ साली, वयाच्या नव्वदीत, मुंबई येथे त्यांचे निधन झाले.