विश्लेषण : आयरिश व्हिस्कीची चव बदलणारे अबकारी अधिकारी इनियस कॉफी कोण होते?

जंगलालगतच्या गावात हातभट्टीवर धाड, मोहाचा सडवा नष्ट, मुद्देमाल जप्त. अमरावती-अकोल्याच्या वाचकांना ही बातमी पाठ आहे. अशीच एक धाड १८१० मध्ये आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात पडली होती. फरक एवढाच, की तिथे गावकऱ्यांनी अधिकाऱ्यालाच झोडपले. कवटीला तडा गेला, अंग काळेनिळे पडले आणि संगिनीच्या दोन जखमा झाल्या. त्यातली एक मांडीतून आरपार गेली होती. हा अधिकारी वाचला आणि वीस वर्षांनी त्याने दारू गाळण्याचे एक यंत्र बनवले. आज आयरिश व्हिस्कीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून चवीतला फरक शोधणारे लोक बऱ्याच अंशी याच यंत्राचा माग काढत असतात. त्यांचे नाव इनियस कॉफी. (आडनावाचा प्यायच्या कॉफीशी काही संबंध नाही.)

दारूवाल्यांमागे धावणारा तरुण…

कॉफी यांचा जन्म १७८० चा, कुटुंब आयरिश. विशीच्या आसपास ते अबकारी खात्यात लागले. भट्टीची मापे घ्यायची, पिंपे मोजायची, कर बसवायचा आणि बेकायदा भट्ट्या फोडायच्या, असे हे काम. नोकरीत ते भराभर वर चढले. ड्रोहेडा, क्लॉनमेल, विकलो, कॉर्क अशा जिल्ह्यांत बदल्या झाल्या आणि १८१८ मध्ये ते हंगामी महानिरीक्षक झाले.

खात्याची तेव्हा लोकांत अतिशय बदनामी होती. एखाद्या शिवारात बेकायदा भट्टी सापडली, की भट्टीवाला हाती लागो न लागो, दंड अख्ख्या शिवारावर बसे. एडवर्ड चिचेस्टर नावाच्या पाद्रीने या जुलमाविरुद्ध पुस्तिका लिहिली. तिला १८१८ मध्ये पुस्तिकेनेच उत्तर देणारे होते कॉफी. त्यांनी सरकारची बाजू घेतली. मांडीत संगीन घुसलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. पण सामूहिक दंडाबद्दल पाद्रीचे म्हणणे मला अधिक पटते.

कराचा चवीशी काय संबंध?

खूप मोठा. १७७९ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये कर ठरे तो भट्टीच्या आकारावर. अमुक मापाची भट्टी २८ दिवसांत इतक्या वेळा भरली जाणार असे सरकार गृहीत धरी आणि तेवढ्या मालावर कर लावी. साहजिकच भट्टी त्याहून वेगाने चालवली, की वरचा सगळा माल करमुक्त. परवानाधारक कारखाने घाईघाईने दारू गाळू लागले आणि घाईत गाळलेली दारू वाईटच लागते. उलट डोंगरात लपून छोट्या भांड्यात सावकाश गाळलेली पोचीन, म्हणजे तिथली हातभट्टी, लोकांना जास्त आवडू लागली.

दुसरा कर मोड आणलेल्या बार्लीवर होता, १७८५ पासून. त्यातून वाट काढण्यासाठी कारखानदार मोड न आणलेली कोरडी बार्लीही मिसळू लागले. त्या मिश्रणाने दारूला एक तेलकट, मसालेदार अंग आले. पुढे हीच चव आयर्लंडची ओळख बनली. तिला आज ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणतात. नियमानुसार तिच्यात मोड आणलेली आणि कोरडी अशी दोन्ही प्रकारची बार्ली किमान ३० टक्के लागते.

१८२३ मध्ये कायदा बदलला. १० पौंडांचा परवाना आणि कर प्रत्यक्ष गाळलेल्या गॅलनवर. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, कॉफी यांनी राजीनामा दिला. दोन दशके भट्ट्यांचे आतले-बाहेरचे पाहिलेला हा माणूस डब्लिनमध्ये स्वतःच दारू गाळण्याच्या धंद्यात उतरला.

१८३० चे यंत्र नेमके काय करते?

मेळघाटात मोहाची दारू कशी निघते ते ठाऊक असेल, तर निम्मे काम झाले. खाली विस्तवावर आंबवलेला सडवा, वर वाफ थंड करायची सोय, आणि थेंब थेंब बाहेर येणारी दारू. डब्लिनच्या तांब्याच्या भट्टीचे तत्त्वही हेच. आकार मात्र अचाट. कॉर्कजवळच्या मिडलटन कारखान्यातली भट्टी ३१,६४८ गॅलनची होती, म्हणजे जवळपास १ लाख ४४ हजार लिटर. पण भट्टी केवढीही असो, एक घाणा झाला की ती रिकामी करा, धुवा, पुन्हा भरा. हवी तेवढी कडक दारू एका फेरीत मिळत नाही, म्हणून आयर्लंडमध्ये ती बहुधा तीनदा गाळत. पहिल्या धारेची वेगळी, मधली वेगळी, शेवटची वेगळी. कुठे तोडायचे हे गाळणाऱ्याचे नाक ठरवते. या पद्धतीत धान्याचा वास, तेल, मसाला असे बरेच काही दारूसोबत वर येते.

कॉफी यांनी भट्टीच्या जागी दोन उंच स्तंभ उभे केले. पहिल्यात वरून आंबवलेले द्रावण एकाखाली एक लावलेल्या छिद्रांच्या ताटल्यांवरून खाली उतरते आणि खालून वाफ वर चढते. वाफ वाटेत अल्कोहोल उचलून घेते. ही वाफ दुसऱ्या स्तंभात जाते. तिथे ताजे, गार द्रावण नळ्यांतून खाली येत असते. वाफेमुळे द्रावण तापते, द्रावणामुळे वाफ गार होते. म्हणजे तापवायला वेगळे इंधन नको आणि थंड करायला वेगळे पाणी नको. यंत्र थांबवावे लागत नाही. एका बाजूने द्रावण ओतत राहा, दुसऱ्या बाजूने दारू घेत राहा. अल्कोहोलचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. इंजिनीअरिंगला डिस्टिलेशन कॉलमची आकृती आम्ही मुकाट्याने घोकतो, तिच्यामागे मार खाल्लेला एक अबकारी अधिकारी आहे हे पुस्तकात नसते.

या वाटेने जाणारे ते पहिलेच नव्हते. कॉर्कच्या अँथनी पेरिअर यांनी १८२२ मध्ये आणि स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइन यांनी १८२० च्या दशकाच्या शेवटी सलग गाळणाऱ्या भट्ट्यांचे पेटंट घेतले होते. टिकले ते कॉफी यांचे. १८३० च्या पेटंटने त्यांना १४ वर्षांचा हक्क मिळाला.

मग आयर्लंडने ते नाकारले का?

डब्लिनच्या बड्या घराण्यांनी नाकारले. जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो यांची अवाढव्य भट्ट्यांत गुंतवणूक होती आणि जगात नाव होते. कॉफी यांच्या स्तंभातून येणारे द्रव्य त्यांना दारू वाटे, व्हिस्की नव्हे. या चौघांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याविरुद्ध पुस्तकही काढले. बेलफास्टकडच्या काही कारखान्यांनी मात्र यंत्र बसवले आणि स्कॉटलंडच्या सखल भागाने तर ते उचलून धरले. १८६० च्या कायद्याने स्तंभातली हलकी दारू आणि भट्टीतली जड दारू कर भरण्याआधीच मिसळायची मुभा दिली. स्वस्त, सौम्य, दर वेळी सारखीच लागणारी ब्लेंडेड स्कॉच जगभर गेली. ही व्हिस्की म्हणायची की नाही हा वाद रॉयल कमिशनपर्यंत पोहोचला आणि १९०९ च्या अहवालाने स्तंभातल्या दारूलाही व्हिस्की ठरवले. डब्लिन हरले.

कॉफी यांना नाकारले म्हणून आयरिश व्हिस्की बुडाली, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १८३८ पासून फादर मॅथ्यू यांच्या व्यसनमुक्ती चळवळीने देशातले गिऱ्हाईक कमी केले, १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि स्वातंत्र्यानंतर ब्रिटनशी व्यापारयुद्धही झाले. १९६६ मध्ये उरलेल्या जेमसन, पॉवर आणि कॉर्कच्या कंपन्या एकत्र आल्या. पुढे संपूर्ण बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स ही दोनच ठिकाणे उरली.

कॉफी यांनी स्वतः १८३५ मध्ये लंडनला मुलांसह यंत्रे बनवण्याची कंपनी काढली. ती १८७२ मध्ये जॉन डोअर यांच्याकडे गेली. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात १८८० ची लाकडी कॉफी भट्टी आजही रम गाळते.

आज ग्लासात हे कसे कळते?

यासाठी स्वतंत्र बाटलीबंद करणाऱ्यांची परंपरा पाहावी लागेल. पूर्वी आयरिश कारखाने दारू गाळून पिंपानेच विकत. शहरातले वाइन-व्यापारी ती आपल्या शेरी किंवा पोर्टच्या रिकाम्या पिंपांत भरत, मुरवत आणि आपल्या नावाने विकत. डब्लिनचे मिचेल हे त्यातले एक. पिंप किती वर्षांचे हे कळावे म्हणून ते त्यावर रंगाचा ठिपका लावत. ‘ग्रीन स्पॉट’ हे नाव त्यातून आले. ‘रेडब्रेस्ट’ हे नाव गिल्बी या व्यापाऱ्यांचे, आतली दारू जेमसनची. १९६० च्या दशकात कंपन्यांनी स्वतःच बाटल्या भरायचे ठरवले आणि ही परंपरा जवळजवळ संपली.

तिला पुन्हा हात दिला तो कूली कारखान्याने. जॉन टीलिंग यांनी १९८७ मध्ये बटाट्यापासून अल्कोहोल बनवणारा एक सरकारी कारखाना विकत घेतला. तिथे स्तंभ आधीपासूनच उभे होते. कूलीने माल बाहेरच्यांना पिंपाने विकला, त्यामुळे स्वतंत्र बाटल्या पुन्हा दिसू लागल्या. यातल्या अनेक बाटल्यांवर कारखान्याचे नाव नसते, विक्रीच्या करारातच तशी अट असते. पण जुन्या मालाचे उगम इतके कमी, की चव घेणारे अंदाज बांधू शकतात. बुशमिल्सची माल्ट तीनदा गाळलेली, हलकी, फळांच्या वासाची. कूलीची दोनदा गाळलेली, अंगाने जाड. कूलीची ग्रेन व्हिस्की मक्याची आणि स्तंभातली, म्हणून पातळ, गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारी. पॉट स्टिल जिभेवर तेलकट पसरते आणि शेवटी मिरीसारखी चावते.

तुलना करताना हमखास होणारी चूक म्हणजे ४० टक्क्यांची बाटली आणि थेट पिंपातून भरलेली ५७ टक्क्यांची बाटली शेजारी ठेवणे. मग कळतो तो फक्त कडकपणा. ५७ टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये साधारण ७ मिली पाणी घातले, की ती ४६ वर येते. आधी सगळ्या एका पातळीवर आणाव्यात. पिंपही शक्यतो एकाच जातीचे हवे. नाहीतर शेरीचे पिंप आणि बर्बनचे पिंप यांतला फरक आपण कारखान्याच्या खात्यावर लिहितो. ग्लास तोंडाशी निमुळता, घोट चमचाभर, मध्ये साधे पाणी. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना हवा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे.

वऱ्हाडात कॉफी कुठे भेटतात?

जवळच्या पेट्रोल पंपावर. २० टक्के मिश्रणासाठी लागणारे इथेनॉल आधी अशाच स्तंभांतून जाते. ते साधारण ९५ टक्क्यांवर अडते आणि उरलेले पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढतात. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त बाटल्यांचा पायाही मळीचे किंवा धान्याचे स्तंभातले अल्कोहोलच असतो. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणता येत नाही. मोहाची दारू वासावरून ओळखू येते आणि या बाटल्यांना स्वतःचा वास फारसा नसतो, याचे कारणही तेच. स्तंभ मूळ पदार्थाची ओळख जवळजवळ पुसून टाकतो.

कॉफी यांचे नाव व्हिस्कीच्या बाटलीवर ठळक वाचायचे असेल, तर जपानच्या निक्का कंपनीची ‘कॉफी ग्रेन’ पाहावी लागते. मासाताका ताकेत्सुरू यांच्या या कंपनीने १९६० च्या दशकात कॉफी भट्ट्या बसवल्या. तोवर नव्या पद्धतीचे स्तंभ सहज मिळत होते. तरीही जुनीच घेतली, कारण ती थोडी कमी शुद्ध दारू देते आणि धान्याची चव थोडी मागे ठेवते.