जेम्स जेमरसन
जेम्स जेमरसन (२९ जानेवारी, इ.स. १९३६ – २ ऑगस्ट, इ.स. १९८३) हे अमेरिकन बेस गिटारवादक होते. त्यांचा जन्म दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर झाला. १९५४ साली ते डेट्रॉइटला आले. तेथे शाळेत ते डबल बेस शिकले आणि पुढे क्लबांतून जॅझ वाजवू लागले. १९५९च्या सुमारास त्यांनी मोटाउन या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे सुरू केली.

१९६२ची फेंडर प्रिसिजन ही त्यांची प्रमुख गिटार. तिच्या जाड, गुळगुळीत तारा ते तुटल्याखेरीज बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज असल्याने स्वर आखूड व भरीव उमटे. डबल बेसच्या सवयीने ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तारा छेडीत. एका बोटाचे हे वादन आजही थक्क करते.

मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. त्यामुळे असंख्य लोकप्रिय गाणी वाजवूनही १९७१ सालच्या मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत जेमरसन श्रोत्यांना अज्ञात राहिले. कंपनी लॉस एंजेलसला हलल्यावर तेही तेथे गेले. परंतु काम घटले आणि मद्यपानाने प्रकृती ढासळली. मृत्यूच्या काही दिवस आधी ती गिटार चोरीला गेली. २००० साली त्यांचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.