प्लेगची लस काढणारे वाल्देमार हाफकिन

साथीच्या दिवसांत उपदेशकाचे काम किती कठीण होते हे ज्यांनी खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची सेवा केली आहे त्यांस सांगावयास नको. इ. स. २०२० साली कोरोनाची साथ आली, आणि ता. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात तिच्यावरील लस देण्यास आरंभ झाला. परंतु लस आली तरी ती घेण्यास गावोगावी पुष्कळ लोक तयार होईनात. लस घेतली की माणूस मरतो, पुढे मूलबाळ होत नाही, अशा वार्ता तोंडोतोंडी पसरल्या. जे गृहस्थ आठवड्याच्या बाजारात खांद्याला खांदा लावून उभे राहत, लग्नाच्या पंगतीला बसत, खचाखच भरलेल्या गाडीतून ऊसतोडीस जात, तेच सुईचे नाव निघताच शेताची वाट धरीत. नित्याचा धोका डोळ्यांस दिसेनासा झाला होता आणि नवीन उपाय तेवढा भयंकर वाटत होता. समजावून सांगणाऱ्यांस ह्याचा फार वीट आला. ज्यांच्या घरची माणसे त्या साथीत गेली त्यांच्या मनात तर अद्यापिही राग आहे.

अशा वेळी काय करावे? ज्यांनी हा प्रसंग आपल्याहून पुष्कळ कठीण रीतीने अनुभवला अशा एका पुरुषाचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन ह्यांचा जन्म इ. स. १८६० साली रशियाच्या राज्यातील ओडेसा ह्या बंदराच्या शहरी एका यहूदी घराण्यात झाला. त्या देशात यहूद्यांचा फार छळ होत असे. विद्यार्थी असताना आपल्या जातभाईंवर हल्ले झाले तेव्हा हाफकिन त्यांच्या रक्षणास उभे राहिले व त्याबद्दल त्यांस तुरुंगात जावे लागले. मेचनिकोव्ह नामक विख्यात प्राणिशास्त्रज्ञाचे ते शिष्य होते. त्या गुरूने खटपट केल्यामुळे त्यांची सुटका झाली. परंतु यहूदी धर्म सोडल्यावाचून तेथे मोठी जागा मिळणे शक्य नव्हते, आणि पोटासाठी बापदाद्यांचा धर्म टाकण्यास ते राजी नव्हते. म्हणून इ. स. १८८८ साली त्यांनी देश सोडला. पुढल्या वर्षी पॅरिस येथील पाश्चर ह्यांच्या संस्थेत त्यांस ग्रंथालयातील एक लहानशी नोकरी मिळाली. ती करून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत.

तेथे त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली. ही लस माणसास बाधेल की काय हे कोणासच ठाऊक नव्हते. ते कळण्यास कोणाच्या तरी अंगात ती घालून पाहणे अवश्य होते. ता. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन ह्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. ताप आला व उतरला. तेव्हाच त्यांनी दुसऱ्यांस ती देण्यास आरंभ केला.

इ. स. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले व उत्तर हिंदुस्थानात गावोगाव हिंडून सुमारे दोन वर्षांत चाळीस हजारांवर लोकांस त्यांनी लस टोचली. कलकत्त्यातील काठालबागान नावाच्या गरीब वस्तीत १८९४ साली सुमारे दोनशे लोक राहत. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीने जे दगावले ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. ह्या फिरतीत हाफकिन ह्यांस हिवतापाने गाठले व प्रकृतीसाठी काही काळ त्यांस परत जावे लागले. तथापि ते पुन्हा आले.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेग, म्हणजे गाठीचा रोग, दिसून आला. लोक शहर सोडून गावाकडे धावले, आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही आगगाडीने व बैलगाडीने देशात शिरला. सातारा, बेळगाव व धारवाड ह्या जिल्ह्यांत आणि कोल्हापूरकडे तो पसरला. त्या काळी जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते, आणि त्याच्या सभोवतालच्या ह्या मुलखावर प्लेगचे वारंवार घाले पडत गेले. लोक घरेदारे टाकून रानात झोपड्या घालून राहत. पुणे येथे सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने ता. १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. प्लेगचे थैमान संपेपर्यंत देशात एक कोटीहून अधिक माणसे त्याला बळी पडली.

सरकारने हाफकिन ह्यांस ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाठविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली, पडवी व थोडे नोकर मिळाले. तेवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे त्यांच्या आधाराने जंतू भरपूर वाढतात, आणि मग ते सर्व उष्णतेने मारून टाकावयाचे, अशी ती रीत होती. मेलेले जंतू रोग आणीत नाहीत, परंतु त्यांच्या योगाने शरीर त्या शत्रूस ओळखण्यास शिकते. लस तयार झाली तेव्हा ता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी इतरांस देत त्याहून पुष्कळ मोठी मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांस कडक ताप आला, हात दुखला, परंतु ते काम सोडून निजून राहिले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांस लस देण्यात आली. पुढे पाहता न टोचलेल्या कैद्यांत रोग व मृत्यू पुष्कळ अधिक आढळले.

आता ह्याच वर्षी पुण्यास काय झाले हेही लक्षात घ्यावे. तेथे सरकारने प्लेग हटविण्यासाठी गोरे शिपाई घरात घुसवून झडत्या घेतल्या, रोग्यांस ओढून नेले. लोकांची मने इतकी दुखावली की ते आजारी माणसे लपवू लागले. अखेर ता. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली व त्या जखमेने ते पुढे मरण पावले. ज्या सरकारचे शिपाई दार फोडून आत आले त्याच सरकारचा डॉक्टर सुई घेऊन आला, तर लोकांनी त्याच्यावर कसा विश्वास ठेवावा? तेव्हा नकार देणारे सगळेच केवळ मूर्ख होते असे म्हणता येत नाही. त्यांची भीती कोठून उपजली हे पाहिले पाहिजे.

अफवाही काही कमी नव्हत्या. सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषांचे पौरुष जाते व बायका वांझ होतात, असे पंजाबात बोलले जाई. वाचकहो, सव्वाशे वर्षांत अफवा फारशा बदलल्या नाहीत हे पाहून आश्चर्य वाटते.

हाफकिन ह्यांनी ह्यास उत्तर दिले ते बळजबरीने नव्हे. ज्याची इच्छा त्यासच लस, हा त्यांचा परिपाठ होता. दुसरे उत्तर म्हणजे उघड हिशेब. बडोदे संस्थानात उंढेरा नावाचे एक खेडे होते. तेथे १८९८ साली प्लेग असता घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील अर्ध्या माणसांस लस दिली व अर्ध्यांस दिली नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच हवापाणी. काही आठवड्यांनी ज्या घरांत रोग शिरला होता त्यांचा हिशेब केला. टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतील ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली व २६ मेली. ही लस घेतली म्हणजे रोग मुळीच होत नाही असे हाफकिन ह्यांनी कधी सांगितले नाही. आठ जण आजारी पडले व तीन मेले हेही त्यांनी लपविले नाही. जे जसे घडले तसे लिहून ठेवले.

मोठ्या माणसांनीही पुढाकार घेतला. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान ह्यांनी मुंबईतील आपला एक बंगला प्रयोगशाळेसाठी दिला व आपल्या लोकांदेखत स्वतः लस घेतली. तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. हुबळी शहरी १८९८ साली हजारो लोकांनी टोचून घेतले. पुढल्या वर्षी ही प्रयोगशाळा परळ येथे जुन्या गव्हर्नर-बंगल्यात गेली.

ह्यानंतर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे संकट आले. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ माणसांस लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला व ती सर्व मरण पावली. ही सर्व एकोणीस माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती. इतर बाटल्यांतून ज्यांस लस मिळाली त्यांस काही झाले नाही. ज्यांनी विश्वास ठेवून हात पुढे केला त्यांच्याच घरी ही प्रेते उचलावी लागली. हा दोष लहान नव्हे, आणि त्या गावच्या लोकांनी पुढे सुईला घाबरावे ह्यात नवल नाही. पंजाबातील लसीचे काम त्यामुळे बसले.

चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस करण्याची रीत हाफकिन ह्यांनी थोडी बदलली होती, तेव्हा घाण तेथेच शिरली असावी असे ठरविण्यात आले. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले व ते हिंदुस्थान सोडून गेले. परंतु त्या दिवशीचे एक लहान कृत्य चौकशीच्या कागदांत नमूद होते. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करिता पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय, ते जंतू लशीत आधीपासून वाढले असते तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती, आणि तशी ती आली नव्हती. हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व दुसरे नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हे सर्व उघडपणे मांडले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हाफकिन निर्दोष ठरले.

पाच वर्षे त्यांचे नाव काळवंडले होते. परंतु ते रुसून बसले नाहीत. ते पुन्हा हिंदुस्थानात आले. परळची जागा त्यांस परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांनी काम केले, आणि नियमाप्रमाणे पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. पुढील आयुष्य त्यांनी युरोपात, बापदाद्यांच्या धर्माचे आचार पाळून काढले. आपला पैसा पूर्व युरोपातील यहूदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी लावून दिला. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते निवर्तले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. १८९७ पासून त्या सालापर्यंत प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या होत्या. पुढे ह्याच नावाच्या सरकारी कारखान्यात पोलिओचे थेंब तयार होऊ लागले. असे थेंब आपल्या मुलाबाळांच्या तोंडात पडले, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला.

वाचकहो, हाफकिन हे ख्रिस्ती नव्हते. तथापि वाटेवर घायाळ पडलेल्या परक्यास ज्या शोमरोन्याने उचलून नेले त्याचा दाखला प्रभूने आपणास शेजारधर्म शिकविण्यासाठीच दिला आहे. परदेशातून आलेला, ज्याच्या जातीचा छळ झाला असा हा मनुष्य आपल्या लोकांचा शेजारी झाला.

मंडळीतील काही बंधू म्हणतात की, ज्याचा देवावर विश्वास आहे त्यास लस कशाला? त्यांस हिज्कीया राजाची गोष्ट सांगावी. देवाने त्यास बरे करण्याचे वचन दिले, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधविली. नामान सेनापतीस साधा उपाय तुच्छ वाटला, परंतु चाकरांनी त्यास रागे न भरता प्रेमाने समजाविले, तेव्हा तो यार्देनेत उतरला. त्या चाकरांची रीत उपदेशकांनी शिकण्यासारखी आहे. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी घालून देवाची परीक्षा पाहणे प्रभूने नाकारले हेही ध्यानात असावे.

म्हणून पुढे कधी साथ आली, किंवा लहान मुलांच्या नेहमीच्या लसींचा दिवस आला, तर उपदेशकाने व मंडळीच्या पंचांनी प्रथम आपली मुले घेऊन उपकेंद्रावर जावे. लशीने एखाददुसरा दिवस ताप येईल, हात दुखेल, हे आधीच सांगावे. तिने काय साधते व काय साधत नाही हे खरे तेवढेच बोलावे. कोठे चूक घडली असेल तर ती लपवू नये. जो नकार देतो त्याच्या दाराशी जाणे बंद करू नये, व तो आजारी पडला तर त्यास त्याच्या नकाराची आठवण देऊ नये, पाणी द्यावे व दवाखान्यात न्यावे. राग येईल. तो प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवावा. ज्याने लोकांच्या अविश्वासाबद्दल दुःख केले, तरी त्यांच्या गावी जाऊन रोग्यांवर हात ठेवण्याचे सोडले नाही, तो प्रभू आपणा सर्वांस तसेच धीराचे मन देवो.